काळजीची पाळी

मातेचा त्याग हा हिमालयाहून उत्तुंग आणि सागराहून अथांग असतो...! सिल्वासातल्या ममताचा त्याग मात्र त्या सकाळी उंबरठ्यावर बसून लेकीच्या डाव्या पायात मोजा चढवत होता, आणि उजव्या पायातला मोजा लेक त्याच वेळी काढत होती.

"मम्मी, गेटवर फोन लाव ना... पप्पा ठीक आहेत का विचार ना!"

रोहिणी तिसरीत होती. तिचे पप्पा, नवनाथ, धाग्याच्या कारखान्यात सकाळच्या पाळीला. आत मोबाईल नेता येत नसे, म्हणून ममता रोज गेटवरच्या वॉचमनला फोन लावी. "जिंदा है, भाभी," तो सांगे. अलीकडे तर 'हॅलो'च्या जागीच हे म्हणू लागला होता. दप्तर खांद्यावर चढेपर्यंत रोहिणीची भीती परत हजर! या लेकीपायी ममताने पॅकिंगची नोकरी सोडली होती... आणि वर सासूचे टोमणे निमूट गिळले होते.

"लाडावून ठेवलीस पोरीला," भिमाबाई आताही लसूण सोलता सोलता म्हणाल्या. "आमच्या नंदुरबारला पोरं सापामागे धावायची!"

ममताने फोन उचलला... आणि काळीज घट्ट करून खाली ठेवला.

"नाही लावणार, राणी. रोज लावते, रोज ते ठीक असतात, तरी तुझी भीती वाढतेच आहे. कुठं वाटते गं भीती?"

"पोटात..." रोहिणीचा बांध फुटला. "मी काळजी थांबवली आणि पप्पांना काही झालं तर?"

"असं कोण म्हणालं तुला?"

"आजी! ती घरी बसून काळजी करायची, म्हणून आजोबांना मिरचीच्या गिरणीत कधी ठसकासुद्धा लागला नाही!"

लसूण सोलणारे हात थबकले.

"अगं माय! ते मी शेजारच्या सरुबाईपुढं मोठेपणा मारत होते..." भिमाबाईंचे डोळे भरून आले. (लसणाने डोळ्यांत पाणी येत नाही, तेव्हा ते अश्रू खरेच होते.) "ते तोंडाला फडकं बांधायचे, पोरी. माझ्या काळजीनं काय होतंय! ममता, आग मीच लावली आणि बोल तुला लावले... चुकले मी!"

"आई...!"

सासू-सुना गळ्यात पडल्या. मोजा मध्ये चुरगळला.

"पण पोटात अजून होतंय," रोहिणी म्हणाली.

ममताने डोळे पुसले. "होऊ दे. त्या भीतीलाही शाळेत ने, बाकावर शेजारी बसव. बरं, पप्पा मशीन सोडून घरी कधी येतात?"

"पुढच्या पाळीचा रिलिव्हर आला की."

"मग मी तुझी रिलिव्हर!" भिमाबाई पुढे सरसावल्या. "शाळेच्या वेळात काळजीवर मी बसते. संध्याकाळी थोडा वेळ तू बस, मग दोघी जेवू. आणि ममता, उद्या पॅकिंगच्या सुपरवायझरला भेटून ये. घर मी बघते."

ममताला हुंदका आवरेना. रोहिणीने मोजे चढवले, बूट घातले. दारापर्यंत गेली... थांबली... तिने फोनकडे पाहिले.

पण ती वळली आजीकडे.

"आजी, चार्ज घेतलास?"

"घेतला, माय," भिमाबाई भिंतीला टेकत गंभीरपणे म्हणाल्या. "जाता जाता तेवढा टीव्हीचा रिमोट दे."