सॅम्पलची खिडकी

रोह्याजवळच्या केमिकल कंपनीत नवा लागलेला ऑपरेटर नितेश रिअॅक्टरमधल्या गरम सॅम्पलची बाटली घेऊन लॅबच्या खिडकीशी थांबायचं सोडून थेट आत शिरला. भाद्रपद सरत आला होता, पण ढग हटायचं नाव घेत नव्हते. आत बसली होती मनाली, गडब गावची, कंत्राटावरची केमिस्ट. तिने त्याला बाहेर काढलं, दार लावलं, मग खिडकीतून बाटली मागितली. प्रेमं अशीही सुरू होतात.

मग प्रत्येक बॅचला तो यायचा. रिअॅक्शन किती पुढे गेली हे ती सांगेपर्यंत खिडकीशी रेंगाळायचा… सांगून झाल्यावरही. एकदा व्हॉल्व्ह उघडून सॅम्पल काढताना रसायन मनगटावर उडालं. त्याने चट्टा बाहीखाली लपवला. तिने तो पाहिलाच.

पुढे नव्या प्रोबचं, म्हणजे रिअॅक्टरमध्ये बसवायच्या मापकाचं काम आलं, तेव्हा ते तिने मागून घेतलं. रिअॅक्टरमध्ये प्रकाश सोडायचा. परतलेल्या प्रकाशावरून आत काय किती बनलंय ते तिथल्या तिथे पडद्यावर दिसणार. व्हॉल्व्ह उघडायलाच नको. फक्त प्रोबचे आकडे आधी लॅबच्या आकड्यांशी जुळायला हवेत. जुळले की सॅम्पल बंद, मनालीचं कंत्राटही बंद. साहेबांनी हे फार गोड आवाजात सांगितलं होतं.

नितेशला ते उशिरा कळलं.

"नाय जुळत म्हण ना," तो खिडकीतून म्हणाला. "कोण बघतंय?"

"मी बघतेय."

"नोकरी जाईल गो तुझी. आणि मी… मी कुठे येऊ मग?"

तिने बाटलीचं झाकण उगाच पुन्हा घट्ट केलं. "तू तो व्हॉल्व्ह परत उघडलेला मला बघवणार नाही. कळत कसं नाही रे तुला?"

कळलं त्याला. तो बॅचकडे परतला.

आकडे जुळले. तिने तसं कळवलं.

तिच्या शेवटच्या शिफ्टला खिडकीशी कोणीच आलं नाही. नितेश पलीकडे पडद्यासमोर बसून होता. बॅच चालू असताना उठता येत नव्हतं. संध्याकाळी लॅबचा फोन वाजला.

"रिअॅक्शन पूर्ण झाली," तो म्हणाला.

"आता मला कळवावं लागत नाही."

"रविवारी गडबला येऊ? घरी… विचारायला."

बाहेर पुन्हा अंधारून आलं होतं.

"ये," ती म्हणाली. "नोकरी गेल्याचं अजून आईला सांगितलेलं नाही. तू आलास की दोन्ही एकदम सांगते."