दोघांचं एक विमान

यशश्रीचं विमान आकाशात उलटं झालं आणि नेमकं त्याच क्षणी समोरून दुसरं आलं. बघता बघता दोन्ही विमानं सिन्नर रस्त्यालगतच्या माळावर तुकडे होऊन पडली होती.

रिमोट हातात तसाच धरून ती तरातरा धावली. पलीकडून एक तरुणही धापा टाकत आला.

"दिसत नव्हतं का तुम्हाला?" ती कडाडली.

"दिसत होतं ना, मॅडम..." तो मान खाली घालून म्हणाला. "पण मी विमानाकडं नाय बघत होतो."

यशश्रीला चांगलं भांडायचं होतं. पण गालातलं हसू काही केल्या आवरेना.

तो लखन. मूळचा पेठ तालुक्यातला, सिन्नरच्या एका कारखान्यात फिटर. ती गंगापूर रोडवरची फिजिओथेरपिस्ट. दोघांनाही वेड एकच – रिमोटवर कोलांट्या मारणाऱ्या छोट्या विमानांचं. आणि अशा विमानांच्या क्लबची स्पर्धा तीन आठवड्यांवर आलेली! तिची मोटर शाबूत होती, त्याचा सांगाडा. पंखांचा मात्र दोन्हीकडे भुगा झाला होता.

"दोघांचं एक करू," तो म्हणाला आणि कानापर्यंत लाल झाला. "म्हणजे... विमान म्हणतोय मी."

मग रोज संध्याकाळी माळावर भेटी सुरू झाल्या. चौथ्या दिवशी 'तुम्ही'चं 'तू' झालं आणि पाचव्या दिवशी पहिलं भांडण.

"पंख पातळच हवा," यशश्रीनं ठणकावलं. "तीन सेंटिमीटर. कसं सुसाट जातं बघ!"

"आणि वेग जरा उतरला की धाडकन पडतं. साडेचारचा जाड पंख हळू उडतानाबी हवेत तग धरतो. खाली येताना वेग हाताबाहेर जात नाय. चढताना, उतरताना चाल एकसारखी."

"म्हणजे म्हैसच की!"

"म्हैस नाय, भरवशाचा गडी," तो तिच्याकडे रोखून बघत म्हणाला, आणि ती उगाचच मोटरचा स्क्रू पिळू लागली.

डावा पंख तिनं करायचा, उजवा त्यानं, एवढं ठरलं. दोन्ही जाड्यांचे पुठ्ठ्याचे साचे दोघांकडेही होते. जाडी काही ठरेना. शेवटी स्पर्धेआधीच्या गुरुवारी ती चिडून बोलून गेली, "तुला वेगाची भीती वाटते, बस्स!" लखन साचे उचलून उठला. गाडीला किक मारून निघून गेला.

दोन दिवस त्याचा फोन नाही. यशश्रीचा जीव थाऱ्यावर नव्हता. रविवारी स्पर्धा संपली, की भेटायचं निमित्तही संपणार होतं. मग कोण कुठला लखन आणि कुठली ती?

रविवारी सकाळी तो स्पर्धेसाठी माळावर आला. वर न बघता त्यानं कापडातून उजवा पंख काढला. तिनं डावा काढला. मधल्या नळीवर दोन्ही सरकवले आणि... दोघंही बघतच राहिले.

डावा पंख साडेचार सेंटिमीटर जाड. उजवा तीन!

"तू पातळ केलास?" तिनं उजव्या पंखावरून बोट फिरवत विचारलं.

"तू रुसली होतीस ना. म्हटलं, तुझंच खरं. पण तू जाड कशाला केलास?"

"तू निघून गेलास म्हणून!"

असं विमान उडवायचं म्हणजे वेग उतरताच पातळ पंख आधी हार मानणार आणि सगळा डोलारा त्या अंगाला कलंडणार. तेवढ्यात क्लबचे चिमाजीकाका ओरडले, "नऊ नंबर! चला, तयार?"

"आमचं नाही उडत, काका!" यशश्री म्हणाली आणि खळखळून हसली. लखनही हसला. मग हळूच म्हणाला, "नवीन पंख करू या. पुढच्या रविवारपर्यंत..."

"नको." तिनं खोल श्वास घेतला. "पंखांचं निमित्त पुरे झालं, लखन. मला तू आवडतोस. खूप. उद्या विमानाशिवाय भेटशील?"

"उद्या नाय."

तिनं नजर विमानाकडे वळवली.

"आत्ता," तो म्हणाला. "उद्यापर्यंत कोण थांबतंय?"

विमान चिमाजीकाकांच्या हवाली करून दोघं चहाच्या टपरीकडे निघाले. त्यानं तिचा हात धरला होता. सगळा क्लब टक लावून बघत होता, तरी यशश्रीनं तो सोडवून घेतला नाही.