बाबा घरी नाहीत

त्या दुपारी बाबा मागच्या खोलीत बिया पेरत होते. एका ट्रेमधले टोमॅटो मातीखाली झाकून झाले होते. दुसऱ्यात पिटुनियाची फुलझाडं. ओल्या काडीच्या टोकावर एकेक बारीक बी उचलून ते कोकोपीटच्या, नारळाच्या भुशावर नुसतं ठेवत होते.

"या झाकायच्या नाहीत?" मी दारातूनच विचारलं.

"तुझ्यासारख्या आहेत. डोळ्यांवर उजेड आल्याशिवाय उठत नाहीत." चष्मा कपाळावर सरकवत ते म्हणाले, "दिवेवाला येईल. रोपांचा दिवा लावून बघू, आवडला तर ठेवू."

मी "बरं" म्हणून पुस्तकात डोकं घातलं. पहाटे बाबा झोपेतच गेले.

दिवेवाला उगवला तो बऱ्याच दिवसांनी. खांद्यावर लांबट खोका, बाहीवर थर्माकोलचे कण.

"काका आहेत?"

"बाबा... घरी नाहीत."

"बरं, येतील तेव्हा बघतील," तो म्हणाला, आणि मी बाजूला झाले.

टोमॅटोची रोपं खिडकीकडे मान काढून उभी होती.

"छान उंच झालीत ना?" मी म्हटलं.

"उंच कसली... उजेड शोधून दमलीत बिचारी." त्यानं दिवा पार खाली, रोपांच्या डोक्यापाशी टांगला. "आणि रोज यांच्यावरून हात फिरवा. वारा लागला असं वाटतं त्यांना, खोडं जाड होतात."

मी दाबून हात फिरवला.

"अहो, इस्त्री नाही करायची."

कितीतरी दिवसांनी मला हसू आलं. मग त्याचा तळहात माझ्या हाताशेजारून, न टेकता, पानांवरून सरकत गेला... दिव्याच्या गुलाबी उजेडात कुठलं बोट कुणाचं, कळेना.

रोपं वाढतील तसा दिवा वर घ्यायला तो येत राहिला. दारात तोच प्रश्न – "काका आले?"

"अजून नाही."

"मोठाच दौरा दिसतोय."

तेवढ्या क्षणापुरते बाबा खरंच कुठेतरी बाहेर असत, चपला घालून, परतीच्या वाटेवर. आणि तो समोर असे. खरं सांगितलं तर दोघंही जातील, असं वाटायचं.

पिटुनियाला पहिली कळी आली, त्या दिवशी तो म्हणाला, "आता यांना बाहेरच्या उन्हाची सवय लावा. दिव्याचं काम संपलं. काकांना विचारा – ठेवायचा, की नेऊ परत?"

"विचारता येणार नाही."

वायर गुंडाळता गुंडाळता तो थांबला.

"बाबा गेले," मी म्हटलं. "तुम्ही पहिल्यांदा आलात, त्याच्या आधीच."

हा शब्द मी तोवर घरातही उच्चारला नव्हता.

तो खाली स्टुलावर बसला. "आणि मी दर खेपेला दारात उभा राहून..."

"मला ते हवं होतं. आणि तुम्ही यायचं थांबाल, अशी भीती होती."

हातातल्या वायरकडे बघत तो हळूच म्हणाला, "मग आता काय विचारत येऊ?"

"मी घरी आहे का, ते विचार."