चौथी वायर काढल्यावर

भुताखेताचं मला काय सांगू नका पावणं. चाळीस वर्षं झाली कोल्हापुरात उद्यमनगरला इंजिनं खोलतोय, आत कार्बन आणि गंज सोडून तिसरं काय घावलं न्हाय. एक गाडी सोडून. तिचं सांगतो, पण मधी बोलायचं न्हाय.

सोमवारी उद्यमनगर बंद. लेथ बंद, कटर बंद, चहाचा गाडासुद्धा न्हाय. अवघड दुखण्याची गाडी मी मुद्दाम सोमवारी घेतो, कारण मी इंजिन कानानं बघतो. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची. कुठली बेअरिंग रडतीय, कुठला टॅपेट वाजतोय, सगळं कळतंय. लोक मला उगंच डॉक्टर म्हणत न्हाईत.

त्या सोमवारी दुपारी शिरोळचे धनपालअण्णा आले. ऊसवाले, माझं जुनं गिऱ्हाईक. त्यांच्या वडलांची पांढरी पेट्रोल गाडी, माझ्यापेक्षा थोडीच धाकटी. मागच्या सीटवर त्यांची लेक रुचिता.

"मिस्त्री, बुधवारी हिचं लगीन हाय," अण्णा खाली उतरत म्हणाले. "सासरला जाईन तर ह्याच गाडीतनं, असा हट्ट धरलाय. पण इंजिनात ठोका हाय. बघा की जरा."

"ही महापुरात बुडालीती न्हवं?"

अण्णा टायर बघायला खाली वाकले. रुचितानंच खिडकीतनं सांगितलं, "मी बी आत होते काका, सोळा वर्षांची. आमच्या गुंडूमामानं, ड्रायव्हरनं, मला काचेतनं बाहेर ढकललं. अप्पांनी, ह्यांनीच, होडीत ओढून घेतलं म्हणं, मला शुद्ध न्हवती. मामा आतच गेला." बोलता बोलता ती पुढच्या सीटच्या पाठीवरनं हात फिरवत होती. "त्याची गाडी हाय ही. म्हणून हट्ट."

मी बॉनेट उघडलं. इंजिन चालूच होतं. टक टक टक... मग गप्प. परत टक टक टक. हातानंच रेस वाढवली. इंजिन पळालं की ठोकाबी पळतो, हा कायदाच हाय. हा ठोका आपला सावकाश. मला जरा रागच आला.

मग आमची जुनी रीत. चालू इंजिनाच्या प्लगची एकेक वायर काढायची. ज्या वायरीला ठोका थांबतो, त्या सिलिंडरात दुखणं. पहिली काढली, ठोका तसाच. दुसरी. तिसरी. चौथीबी काढली. चारी वायरी माझ्या हातात, आणि इंजिन चालू.

"अण्णा, चावी बंद करा."

अण्णांनी खिडकीतनं हात घालून चावी काढली, मला दाखवली. इंजिन चालूच. हात बाहेर आला तशा गाडीच्या सगळ्या काचा सरसर वर चढल्या. हँडल फिरवून चढणाऱ्या काचा त्या, पावणं.

मी बॅटरीची तार काढली. काय फरक न्हाय. आणि वास सुटला... गाळाचा, कुजक्या उसाचा.

"अप्पा," आतनं रुचिता ओरडली. "दार उघडंना... पायाला गार लागतंय..."

चारी दारं ओढून बघितली. काचेवर हातोडा घातला तर हातोडाच उडाला. आत सीट कोरडी ठाक दिसत होती. पोरगी मात्र पाय वर घेऊन, हनुवटी छताकडं करून हवा ओढत होती. या अल्ला, लग्नाची पोर!

काय सुचंना म्हणून मी स्क्रू ड्रायव्हर दाराला टेकवला, मूठ कानाला. आत पाणी भरत होतं. त्या पाण्यातनं ठोका येत होता. इंजिनात न्हवताच तो कधी. आतनं कुणीतरी काच ठोकत होतं.

मिस्त्रीचं डोस्कं, ते मिस्त्रीसारखंच चालतंय. वायरी काढून झाल्या होत्या, आता माणसं राहिली होती. मी दहा पावलं मागं गेलो. ठोका तसाच. परत आलो.

"अण्णा, आता तुम्ही मागं सरा."

"माझी लेक आत हाय!"

"सरा म्हणतो न्हवं!"

ते सरले. ठोका थांबला. पुढं आले. टक टक टक.

"अण्णा, दुखणं तुमच्यात हाय," मी म्हणलं. "काय केलंय ते बोला. आत्ता बोला, पोरगी जाईल."

अण्णांनी गाडीला हात टेकला.

"तो... जिता होता, मिस्त्री. काचेतनं हात बाहेर काढलाता त्यानं. मी धरलाबी होता. होडी कलली... ही माझ्या काखेत... मी हात सोडला. मागं तो काच ठोकत होता... मी म्हणलं, चला, तो आधीच गेलाय. सगळ्यांना तेच सांगितलं."

इंजिन बंद पडलं. मागचं दार आपसूक उघडलं.

रुचिता बाहेर आली. कपडे कोरडे, ओठ निळे. अण्णा तिला धरायला धावले, तशी ती मागं सरली आणि माझ्या आडोशाला येऊन उभी राहिली. "तो ठोकत होता, आणि तुम्ही गेला?" एवढंच म्हणाली. बापाकडं बघितलंबी न्हाय. ती एकटीच रिक्षानं गेली. अण्णा मागनं उन्हातनं चालत गेले. मला त्यांची कीव आली आणि कीव आली म्हणून माझाच राग आला.

मंगळवारी मी इंजिन खोललं. चारी पिस्टन गंजून सिलिंडरला धरलेले. घण घातला तरी हललं न्हाय. आत महापुराचा गाळ वाळून दगड झालेला. बाबालाल मिस्त्रीला एवढं कळतंय पावणं, ते इंजिन बुडाल्या दिवसापासनं एकदाबी फिरलेलं न्हवतं.

न राहवून रुचिताला फोन लावला. "पोरी, खरं सांग. शिरोळासनं गाडी आणली कुणी?"

"अप्पाच चालवत होते की काका," ती म्हणाली. "पण रस्ताभर कुरकुरत होते... पाय ठेवायच्या आधीच क्लच दबतोय म्हणून."