झरोक्यांची शिवण

भावाचा तंबू शोधून घरी आणायचा, एवढ्यासाठी आम्ही तिघं त्या जंगलात शिरलो. तंबू मीच शिवला होता! वर्षापूर्वी त्यात भाऊ गारठून गेला, तेव्हा त्याचे कपडे पिळले तर पाणी निघत होतं म्हणे. झालं! लोकांनी निकाल दिला, तंबू गळला. तेव्हापासून बाबा एका घरात राहून माझ्याशी एक शब्द बोलले नव्हते. माझी शिवण गळत नाही, हे मला त्यांच्यासमोर तंबू पसरून दाखवायचं होतं.

सोबत दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, आणि म्हातारा वाटाड्या. भावाला त्यानेच शोधलं होतं. तंबू तिथेच का टाकून आलात, विचारलं की तो बिडी पेटवायला लागायचा.

पाऊस खळ घेत नव्हता. मी काडेपेट्या मेणकापडात बांधल्या होत्या, स्लीपिंग बॅगा दुहेरी प्लॅस्टिकमध्ये, ओले मोजे पोटाशी. दाजी म्हणायचे, "अगं, आम्हालाही गुंडाळून ठेव एकदाचं!"

सकाळी आमचा तंबू आतून पुसायचं काम माझं. माणसाच्या श्वासाने कापडाला दव धरतं, ज्याच्या त्याच्या डोक्यावर एक ओला डाग. तिसऱ्या सकाळी मी तीन डाग पुसले आणि हात थांबला. चौथा डाग हवेसाठी ठेवलेल्या झरोक्याच्या जाळीभोवती होता. तिथे कोणीच झोपलं नव्हतं.

"काका, हे काय?"

"पूस आणि चल, पोरी," वाटाड्या म्हणाला.

दुपारी ओढा लागला. गढूळ, कमरेएवढा. मधोमध दाजींचा पाय सटकला. तिघांच्या कमरेचा दोर ताणला! मी ओढलं, वाटाड्याने ओढलं. दाजी वाचले, त्यांची बॅग गेली. काठावर त्यांचे दात वाजायला लागले, ओठ निळे पडले. कोरडी जागा आणि शेगडी लगेच हवी होती.

आणि पुढच्याच वळणावर भावाचा तंबू उभा होता.

आत शिरले. वर पाऊस कोसळत होता आणि आत थेंब नाही! सगळ्या शिवणींवरून बोट फिरवलं. खडखडीत कोरड्या. मला रडू फुटलं. बाबा, बघा ना!

दाजींना भावाच्या ब्लँकेटात गुंडाळलं, शेगडी काढली. पेटवण्याआधी झरोके उघडायला गेले तर दोन्ही शिवलेले. आतून, दुरुस्तीसाठी मीच दिलेल्या दोऱ्याने, घाईघाईत घातलेले वेडेवाकडे टाके. म्हणून कपडे ओले! कोंडलेल्या तंबूत त्याच्याच श्वासाचं पाणी त्याच्यावर ठिबकलं होतं.

"पावसाला घाबरला असेल," दाजी कुडकुडत म्हणाले.

"झरोक्यांवर झापडं आहेत, दाजी. पाऊस आत येत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं."

वाटाड्या बाहेर भिजत उभा होता, आत यायला तयार नव्हता. "आम्ही पाहिले होते ते टाके," तो म्हणाला. "म्हणून हात लावला नाही."

पण झरोका बंद ठेवून शेगडी पेटवणं म्हणजे मरणच. मी कात्री घातली. एक टाका, दुसरा, तिसरा. बाहेर बर्फासारखा पाऊस होता, आणि जाळीतून माझ्या तोंडावर आली ती ऊबदार, दमट वाफ. थांबली. पुन्हा आली.

"काका, तुम्ही आहात का झरोक्यापाशी?"

"मी दाराशी आहे," वाटाड्या दारातून म्हणाला. "निघा!"

दाजींना ओढलं, ब्लँकेट ओढलं, पळालो. मागे पाहिलं नाही. वाटाड्याने एका कपारीत नेलं. मेणकापडातली काडी पहिल्या फटक्यात पेटली म्हणून दाजी जगले. तंबू आणायला परत जायचं कोणी नावही काढलं नाही.

घरी पोचलो तेव्हा बाबा खुर्चीत होते. वर्षाने पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"सापडला?"

"सापडला. आणता नाही आला."

"गळला होता?"

दाजी सांगायला पुढे झाले. मी त्यांचा हात घट्ट धरला. खरं सांगितलं असतं तर मी सुटले असते. पण मग बाबा पुढचं विचारणार, त्याने झरोके का शिवले?

"हो, बाबा. माझीच शिवण उसवली होती."

बाबा खुर्चीतून पुढे झुकले. मग अगदी हळू विचारलं, "म्हणजे झोपेतच गेला असेल ना गं तो?"

"झोपेतच, बाबा," मी म्हणाले. "त्याला काही कळलंसुद्धा नसेल."