तिसऱ्या बटणाचं माप

मास्तर गिऱ्हाइकाच्या छातीभोवती टेप गुंडाळत आणि ती सुटायच्या आत आपल्या गाडीच्या कंपनीचा इतिहास सुरू करत. हात वर आणि तोंड भिंतीकडे, अशा अवस्थेत गिऱ्हाइकाला पळूनही जाता येत नसे. मग त्याला ऐकावंच लागे की ही जी जर्मन कंपनी आहे ना साहेब, तिनं सुरुवातीला मोटार बनवलीच नाही. शिलाई मशीन बनवलं! एका कुलूपवाल्याच्या पोरानं, काकाच्या गोठ्यात बसून. पुढं सायकली काढल्या. मोटार तर त्या बिचाऱ्याला करायला मिळालीच नाही. तो गेल्यावर बायकोनं आणि पाच मुलांनी काढली.

"म्हणजे मूळ धंदा आपलाच," मास्तर शेवटी म्हणत. "फिरा आता. खांदा बघू."

ही गाडी दुकानामागच्या शटरच्या गॅरेजात उभी असे. गडद हिरवी, लांबलचक, दुसऱ्या की तिसऱ्या हातची. तिचे पार्ट मिळवताना मेकॅनिकच्या तोंडाला फेस येई, पेट्रोल तर ती सरबतासारखं पीत असे. पण दार लावलं की असा काही गुबगुबीत आवाज येई, की मास्तर तो ऐकायला दार दोनदा लावत. मास्तरांची बायको दुकानातली काजं-बटणं करी आणि गाडी नवऱ्यापेक्षा बरी चालवी. तिचं म्हणणं होतं की एवढ्या कौतुकानं या माणसानं लग्नातसुद्धा आपल्याकडे पाहिलं नव्हतं.

मास्तरांचा खरा जीव होता तो ड्रायव्हरच्या सीटवर. सीटच्या कडेला तीन बटणं होती. आपल्याला हवी तशी सीट लावायची, बटण दाबून धरायचं, की गाडी ते लक्षात ठेवी. पुढच्या वेळी बटणाला नुसता हात लावला की सीट घूं घूं करत आपल्या अंगाबरोबर येऊन थांबे. "टेप न लावता माप घेते," मास्तर म्हणत. पहिलं बटण त्यांचं, दुसरं बायकोचं. तिसरं रिकामं होतं. मुलाला गाडी येत नव्हती. एकदा शिकायला बसला होता, तेव्हा बापानं शेजारी बसून एवढा आरडाओरडा केला की पोरानं त्या स्टिअरिंगला पुन्हा हात म्हणून लावला नाही.

हा मुलगा एका मोठ्या तयार कपड्यांच्या दुकानात मॅनेजर होता. आपलं दुकानही तसंच करून टाकावं, असं त्याचं मत होतं, आणि ते तो जेवताना, चहा पिताना आणि दात घासतानासुद्धा मांडे.

"बाबा, त्या पाच मुलांनी तरी काय केलं? कारखान्याला आग लागली तेव्हा शिलाई मशीनं बंदच करून टाकली ना? तुम्हीच सांगता!"

"गप बस."

"मी इतिहास सांगतोय."

मनातून मास्तर घाबरले होते. एके काळी गिऱ्हाईक दारातून टेबलापर्यंत येईस्तोवर त्यांनी त्याचं सगळं अंग नजरेनं मापलेलं असे. टेप नुसती दाखवायला. आता टेप दोनदा लावूनही कपडे परत येत होते. एका वकिलांच्या कोटाचं बटण लागेना. एका नवऱ्या मुलाच्या कोटाची पाठ फुगली, आणि त्याच्या आईनं भर दुकानात मास्तरांची अब्रू काढली. चष्मा बदलून झाला, फरक पडला नाही. गेलं होतं ते डोळ्यांतलं नव्हतं. ते गेलं तर आपण उरतो कोण, हे मास्तरांना कळत नव्हतं, आणि ही गोष्ट बायकोलाही सांगायची त्यांना लाज वाटे.

अशातच एका सकाळी कापड आणायला निघताना मास्तर गाडीत बसले आणि त्यांचे हात स्टिअरिंगला पोचेनात.

सीट फार मागे नव्हती. पेडल नीट पायाखाली येत होतं. पण पाठ भलतीच मागे कललेली होती, आणि स्टिअरिंग खालचा खटका सोडून पार आत, डॅशबोर्डला भिडवलेलं होतं. मास्तरांचे हात हवेतच राहिले.

"अगं, तू गाडी काढली होतीस का?"

"मी कशाला काढू? तुमची ती महाराणी!"

मुलगा तर हसायलाच लागला. मास्तरांनी मेकॅनिकला बोलावलं. त्यानं सगळी बटणं दाबून पाहिली आणि तिसऱ्यात कसलंतरी माप साठवलं गेलंय असं सांगितलं. कुठंतरी वायर शॉर्ट असेल. त्यानं ते पुसून टाकलं. सीट आपोआप हलेल एक वेळ, पण स्टिअरिंगचा खटका हातानंच सोडावा लागतो, तो कसा सुटला, हे मात्र त्यानं सांगितलं नाही. चहा पिऊन गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शटरचं कुलूप जागच्या जागी होतं, किल्ली मास्तरांच्या उशाशी होती, आणि सीट पुन्हा तशीच कललेली होती.

"जर्मन आहे," बायको म्हणाली. "एकदा ठरलं की ठरलं."

मास्तर या वेळी चिडले नाहीत. ते त्या सीटवर टेकले, आणि एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली. गादी डावीकडे जरा जास्त दबली होती. पट्टा खांद्याच्या बरोबर उंचीवर लावलेला होता. डोकं टेकायची उशी, आरशाचा कोन, पेडलचं अंतर... त्यांनी डोळे मिटले. धड मध्यम. मान मध्यम. डावा खांदा किंचित उतरता. आणि त्या खांद्यांपासून पार तिकडे डॅशबोर्डाजवळ स्टिअरिंग आरामात धरणारे हात.

माणूस दिसला. अख्खा, पाठीमागून, दिव्याखाली उभा असल्यासारखा लख्ख दिसला. कित्येक दिवसांत असं झालं नव्हतं. मास्तरांच्या डोळ्यांत पाणीच आलं. तसेच धावत ते दुकानात गेले आणि कपाटातून जपून ठेवलेलं राखाडी लोकरी कापड काढून त्यांनी टेबलावर पसरलं.

"कुणाचा कोट?" बायकोनं विचारलं.

"गिऱ्हाइकाचा."

"कुठल्या?"

"गाडीतल्या."

बायकोनं त्यांच्याकडे पाहिलं, कापडाकडे पाहिलं, आणि सुईत दोरा ओवला. "ट्रायलला कधी येणार म्हणे?"

मास्तरांनी खडूनं रेघा मारल्या त्या टेपशिवाय. कात्री कुठं अडली नाही. मुलगा आला तेव्हा बाह्या कापून झाल्या होत्या. त्यानं एक उचलून स्वतःच्या हाताला लावली, ती बोटांच्या खूप खाली लोंबत राहिली, आणि तो पोट धरून हसत खुर्चीत बसला.

"बाबा, असा माणूसच नसतो हो!"

"आहे."

"बरं. हा कोट कुणाच्या अंगावर नीट बसलेला मला दाखवा. त्या दिवसापासून दुकान बदलायचं नाव काढणार नाही. शब्द देतो."

"दे," मास्तर म्हणाले. आता हा कोट बसायलाच हवा होता.

कच्चे टाके घालून त्यांनी कोट गाडीत मागच्या हुकाला अडकवला. सकाळी पाहिला तर डाव्या मुंढ्याचे, बाही जोडतात तिथले, टाके तटतट तुटले होते, आणि दोन्ही बाह्यांना कोपराजवळ आडव्या सुरकुत्या पडल्या होत्या. कोपर मात्र जिथं असायला हवं, त्याच्या वीतभर खाली. मास्तर सुरकुत्यांवरून बोट फिरवत राहिले. गिऱ्हाईक ट्रायलला येऊन गेलं होतं.

त्यांनी मुंढा सैल केला, डावा खांदा आणखी उतरवला. तो उतार हाताखालून पूर्वी कधीतरी गेल्यासारखा वाटला, पण कामाच्या भरात ते तिथं थांबले नाहीत. ते शीळ घालत होते. त्या दिवसांत इतर गिऱ्हाइकांची मापंही बिनचूक येऊ लागली. वकिलांचं बटण लागलं. नवऱ्या मुलाची आई येऊन दुकानाची स्तुती करून गेली. बायकोनं कितीतरी दिवसांनी नवऱ्याला गाताना ऐकलं, आणि गाणं बेसूर असूनही ती काही बोलली नाही.

पुन्हा ट्रायल झाली. पुन्हा सकाळी बायको काजं करायला कोट घेऊन बसली, आणि सुई खुपसता खुपसता थांबली.

"अहो. हा गरम आहे."

"इस्त्री केली असेल मी."

"तुम्ही आत्ता उठलात."

तिनं कोट नाकाजवळ नेला. दुसऱ्याच्या अंगावरून आलेला कपडा तिनं आयुष्यभर हाताळला होता. घाम, साबण, विडी, काहीतरी वास असतोच. या कोटाला कसलाच वास नव्हता. लोकरीचा स्वतःचा असतो, तोसुद्धा गेला होता.

"हे गिऱ्हाईक मला आवडत नाही," ती म्हणाली.

"कोट देऊन टाकू. मग कशाला येतंय?"

तिनं काजं पुरी केली.

कोट तयार झाला. मास्तरांनी तो इस्त्री करून, ब्रश मारून हुकाला लावला, आणि गाडीचं दार दोनदा लावलं.

सकाळी शटर वर केलं तर गॅरेज रिकामं होतं.

गाडी तर गेलीच होती. पण त्याहून मोठी काळजी दुसरीच होती: कोट बसला का? आता कोण सांगणार? ते दुकानात येऊन टेबलाशी उभे राहिले. पोलिसांना फोन करावा म्हणून हात उचलला आणि परत खाली ठेवला. तेवढ्यात बाहेर गाडी थांबली. ओळखीचं इंजिन, ओळखीचं दार.

मास्तरांना कोट आधी दिसला, माणूस नंतर.

माणूस पाठमोरा वाकून गाडीला कुलूप लावत होता. पाठ सपाट, एक सुरकुती नाही. कॉलर मानेला चिकटून. डावा खांदा जसा कापला होता तसा बसलेला. मग तो सरळ झाला, हात सोडले, आणि बाही मनगटापाशी, बरोबर जिथं थांबावी तिथं थांबली. आयुष्यात असा कोट आपल्या हातून झाला नव्हता. मास्तरांनी आनंदानं टेबलावर मूठ आपटली.

माणूस वळला आणि आत आला. तो त्यांचा मुलगा होता.

"हरलो, बाबा!" तो हसत म्हणाला. "सहज घालून बघितला. काय बसलाय! दुकान तुमचं. मी पुन्हा नाव काढणार नाही."

बायको दुकानावरच्या घरातून धावत आली. "बघू, बघू! फिर जरा. अगंबाई, किती देखणा दिसतोयस!"

"गाडी..." मास्तर म्हणाले. "कुणी चालवली?"

"मी. त्यात काय? सीटसुद्धा हलवावी लागली नाही."

मुलगा दारातून टेबलाकडे येत होता. मास्तरांना नजर आवरता आली नाही. शाळेच्या गणवेशापासून त्यांनी या पोराचे कपडे शिवले होते. धड मध्यम. मान मध्यम. डावा खांदा किंचित उतरता.

मुलानं कोट काढून खुर्चीवर टाकला. आत गेल्याच महिन्यात मास्तरांनी शिवलेला निळा शर्ट होता. त्याच्या बाह्यांची बटणं लावलेली होती, कोपराच्या जरा खाली.

"शर्ट मात्र सगळे आखडलेत, बाबा."

मास्तरांनी बायकोकडे पाहिलं. कालपर्यंत तिला जे गिऱ्हाईक आवडत नव्हतं, त्याची आता तिच्या तोंडावर आठवणसुद्धा नव्हती. ती लेकाकडे कौतुकानं बघत होती.

"आखडले कसले! हात त्याचे पहिल्यापासूनच लांब," ती म्हणाली. "तुमचंच माप चुकलं असणार. अहो, असं काय बघताय?"

कापडाचं ते टेबल एवढं रुंद होतं की पलीकडच्या माणसाला कात्री द्यायची तर दोघांनाही वाकावं लागे. मुलानं पलीकडूनच, न वाकता, बापाच्या खांद्यावर हात ठेवला.

"वाईट वाटून घेऊ नका, बाबा," तो म्हणाला. "घ्या, पुन्हा माप घ्या."