बिनमाशांची टाकी

पहिल्याच भेटीत त्यानं तिच्या अंगावर अर्धी बादली पाणी सांडलं, आणि वर हसला. हसला! संशोधन केंद्राच्या शेडच्या दारात दोघं एकमेकांवर आदळली होती. माशांच्या टाकीतलं ते पाणी... धुऊनसुद्धा तिच्या बाहीचा वास जाता जाईना.

"माफ करा हं," तो म्हणाला, "पण दारात उभं राहायची ही काय जागा झाली?"

"म्हणजे चूक माझीच का?"

तेव्हापासून जे भांडण जुंपलं ते जुंपलंच. शेडचा अर्धा भाग त्याचा. तिथे तो माशांची पिल्लं वाढवायचा. उरलेला अर्धा तिचा, आणि तिच्या टाक्यांत पाणपिसवा, म्हणजे तळ्याच्या पाण्यात टुणटुण उड्या मारणारे ते इवले इवले जीव. सगळे तिला पिसूबाई म्हणायचे. याचाही तिला रागच.

"तुमच्या पिसवा म्हणजे माझ्या पिल्लांचा नाश्ता," तो चिडवायचा.

"खादाड आहेत तुमचे मासे! जाडजूड, डोळ्यात भरणारी पिसू आधी गट्टम. मागे उरतात त्या बारक्या."

"नजर चांगली आहे त्यांची. माझीही वाईट नाही..." आणि तो असा बघायचा, की ती लाजायची. मग लाजल्याबद्दल स्वतःवरच चिडायची.

मासे पाण्यात आले की पिसवांचं काय होतं, हाच तिचा प्रयोग. तुलनेसाठी एक टाकी बिनमाशांची ठेवलेली. तिच्यात मासा गेला तर सगळ्या हंगामाची मेहनत पाण्यात!

आणि नेमकी ती तापानं आठवडाभर अंथरुणाला खिळली. परत आली, बिनमाशांच्या टाकीत डोकावली, आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. भर दुपारी जवळजवळ सगळ्या पिसवा तळाशी दडी मारून! वर तरंगणाऱ्या चार-दोन नवजात पिसवा भिंगाखाली धरल्या, तर शेपटीचे काटे चांगले लांब झालेले. पिसवा असं करतात ते मासा जवळ असला तरच.

ती तडक मोठ्या सरांकडे गेली. त्यालाही बोलावणं धाडलं.

"मी मासा सोडलेला नाही," तो म्हणाला.

"मग काय, पिसवांना स्वप्न पडलं? गंमत म्हणून सोडला असेल यांनी! यांना माझ्या शेडमधून हलवा, सर. हे तरी राहतील, नाही तर मी!"

तो काहीतरी सांगायला गेला, पण तिचा पट्टा चालूच. शेवटी सरांनी वैतागून त्याची रवानगी तळ्यापलीकडच्या केंद्रावर केली, उद्यापासूनच. जाताना त्यानं एकदाच तिच्याकडे पाहिलं. चिडला असता तर बरं झालं असतं... तो चिडलाच नव्हता.

नुकसान किती ते मोजायला तिनं फणफणतच टाकीच्या तळातून जाळी फिरवली. मग भिंगाखाली पाहिलं. जाडजूड माद्या! पाठीत अंडी घेतलेल्या, ठणठणीत, ढीगभर. मासा असता तर आधी ह्याच संपल्या असत्या. म्हणजे टाकीत मासा नव्हताच. मग ह्या लपल्या कुणाला भिऊन?

आणि टाकी काठोकाठ भरलेली कशी? या उन्हाळ्यात आठवडाभरात वीतभर पाणी आटायला हवं होतं. कडेला त्याची निळी बादली होती. तिनं वास घेतला. तोच वास, बाहीवरचा.

ती धावत शेडच्या त्याच्या भागात गेली. तो जाळी गुंडाळत होता.

"माझ्या टाकीत पाणी घातलंत तुम्ही?"

"घातलं. आटत चाललं होतं. तुम्ही तिकडे तापानं फणफणलेल्या... म्हटलं, निदान हिचे जीव तरी जगू देत. पण कापडातून गाळून घातलं हं! एक पिल्लूसुद्धा जाऊ दिलं नाही."

"अहो, पण वास! माशाचा वास पाण्यात उतरतो. तेवढ्यानंच घाबरतात त्या!"

"नुसत्या वासानं?" त्याचे डोळे चमकले. "तुमच्यासारखंच की. मी दारात दिसलो रे दिसलो, की काटे बाहेर."

"थट्टा पुरे! सरांसमोर का नाही सांगितलंत हे?"

"तुम्ही बोलू दिलंत?"

तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. राग... स्वतःचाच, आणि थोडा त्याचाही. इतकं मुकाट्यानं ऐकून घेतात का कुणाचं?

"चुकले मी," ती म्हणाली. "तुम्ही कुठेही जायचं नाही. चला, सरांना आत्ताच्या आत्ता सांगते."

"आणि टाकी?"

"गेली. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात."

"मग पाणी कोण घालणार?"

"तू," तिच्या तोंडून निघून गेलं. "पण नळाचं... क्लोरीन उडेपर्यंत शिळं करून ठेवलेलं. आणि वेगळ्या बादलीनं!"

बोलता बोलता तिनं त्याचा हात धरला होता. ओला, माशांच्या वासाचा. तो हात सोडवून घ्यायला लागला. "थांब... धुऊन येतो."

"राहू दे," ती म्हणाली, आणि तिनं तो आणखी घट्ट धरला.